ज्याची वाट पाहावी असा व्यायाम

व्यायामाची थोरवी आपल्याकडे कोणाला पटवून द्यावी लागत नाही. शाळेच्या भिंतीवरील सुविचारांपासून वैद्याच्या उपदेशापर्यंत ती सर्वत्र ऐकू येते, आणि मान डोलावून ती मान्य करणारी माणसे बहुधा घरीच बसलेली असतात. जी गोष्ट केवळ कर्तव्य म्हणून करावयाची, ती माणूस चार दिवस करतो आणि पाचव्या दिवशी सबब शोधतो. हृदयाला मात्र चार दिवसांचा उत्साह उपयोगाचा नाही. त्याला वर्षानुवर्षे चालणारे नित्याचे चलनवलन हवे असते. म्हणून व्यायामात आनंद असणे ही चैन नसून ती त्याची पहिली अट आहे, असे मला वाटू लागले आहे.

असे वाटण्याचे कारण आमच्या घरातच घडले. आम्ही रायपूरला राहतो. १९५६पर्यंत रायपूर आणि नागपूर ही शहरे एकाच प्रांतात होती. त्या काळात नोकरीच्या निमित्ताने आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे येथेच रुजली. माझे सासरे त्यांपैकीच एक. यजमानांचे शालेय शिक्षण मात्र आत्याकडे राहून अमरावतीला झाले. २०२२च्या डिसेंबरात, निवृत्तीला वर्षही झाले नव्हते तोच, त्यांच्या छातीत दुखू लागले आणि हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टर म्हणाले, “औषधांचे काम औषधे करतील, उरलेले काम तुमच्या पायांचे आहे.”

यजमान शिस्तीचे. लगेच बुढा तलावाकाठी त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. हा तलाव आता विवेकानंद सरोवर म्हणून ओळखला जातो. १८७७मध्ये वडिलांबरोबर रायपूरला आलेल्या बाल नरेंद्राचे काही काळ या शहरात वास्तव्य होते. जागा रम्य, पहाटेची हवा शीतल; परंतु यजमानांचे लक्ष सारे घड्याळाकडे. घरी आल्यावर पहिला उद्गार निघे, “झाली एकदाची!” फाल्गुनापर्यंत हे चालले. पुढे रायपूरचा उन्हाळा आला. येथे वैशाखात पारा चव्वेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सबब शोधावीही लागत नाही. फेऱ्या थांबल्या. त्या दिवसांत रात्री जाग आली की मी अंधारात त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत पडून राही. मनातली भीती मात्र दोघांपैकी कोणीच बोलून दाखवीत नसे.

हृदय हा अखेर एक स्नायूच आहे. मिनिटाला सत्तर ठोके धरले तरी दिवसाला एक लाखाहून अधिक ठोके होतात. नियमित व्यायामाने हा स्नायू बळकट झाला म्हणजे एकेका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलतो, आणि विश्रांतीच्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात. मिनिटाला दहा ठोके कमी झाले, तर दिवसाकाठी चौदा हजार चारशे ठोक्यांचे श्रम वाचतात. शिवाय व्यायामाने रक्तदाब आटोक्यात राहण्यास साहाय्य होते आणि रक्तातील साखरेचा विनियोग अधिक चांगला होतो.

हे श्रम आखाड्यातच केले पाहिजेत असेही नाही. १९५३मध्ये डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, जिने चढउतार करीत तिकिटे देणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. त्या वाहकांनी व्यायामाचा संकल्प सोडलेला नव्हता. त्यांचा दिवसच हालचालीचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम श्रमाची हालचाल सुचविली. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, अर्ध्या तासापासून एक तासापर्यंत. आकडा भिववणारा नाही. प्रश्न एवढाच की तो अर्धा तास रोज कशाच्या ओढीने काढावयाचा?

आमच्यापुरते याचे उत्तर श्रावणात मिळाले. २०२३मध्ये श्रावण अधिक आला होता. अधिक मास सरल्यावर निज श्रावणातील मंगळवारी आमच्या सूनबाईची मंगळागौर झाली. रात्री झिम्मा, फुगड्या यांना रंग चढला. शेजारच्या छत्तीसगढी वहिनी कौतुकाने पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “दीदी, आमचीही फुगडी आहेच की!” आणि पदर खोचून त्यांनी ती करूनही दाखविली. आपल्या फुगडीत दोघी हात गुंफून गरगर फिरतात. त्यांच्या फुगडीत उकिडवे बसून पाय आळीपाळीने पुढेमागे वेगाने सरकवावयाचे, आणि जिचा दम आधी संपेल ती हरली. नाव एकच, रीत निराळी. २०२२ साली येथील राज्य शासनाने भरविलेल्या छत्तीसगढिया ऑलिंपिकमध्ये गेडी, भौंरा यांच्याबरोबर ही फुगडीही स्पर्धेत होती. आम्ही बायका धापा टाकीत होतो, घामाने भिजलो होतो. पण “झाली एकदाची” असे कोणीही म्हणत नव्हते. उलट “अजून एक!” असाच आग्रह चालला होता.

ओसरीवर बसून हा गोंधळ ऐकणारे यजमान दुसऱ्या दिवशी चहा घेताना एकाएकी म्हणाले, “अमरावतीला आम्ही लेझीम खेळत असू. तासभर खेळलो तरी पाय थांबत नसत.” मग त्या गावच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गोष्टी निघाल्या. १९१४मध्ये स्थापन झालेल्या त्या मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती, हे त्यांना शाळेत मोठ्या अभिमानाने सांगितले गेले होते. किती महिन्यांनी त्यांच्या आवाजात तो जुना उत्साह ऐकू आला!

गणेशोत्सव महिन्याभरावर होता. वसाहतीतील मुलांना लेझीम शिकवावी असे त्यांनी ठरविले. तथापि मी आधी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी ट्रेडमिलवर चालवून तपासणी केली आणि सावकाश सुरुवात करण्याची मुभा दिली. नागपूरहून लेझिमा मागविल्या. पहिला पंधरवडा यजमान नुसते उभे राहून “एक, दोन, तीन, चार” मोजीत. नंतर हातात लेझीम घेऊन दोन हात, मग चार हात, असे हळूहळू वाढवीत गेले. मराठी, छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया अशी सर्व घरांची मुले त्या छनछनाटात सामील झाली. उत्सव संपला, विसर्जन झाले. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मुले दारात हजर! “आजोबा, चला ना!”

तेव्हापासून यजमान आठवड्यातून पाच दिवस मैदानावर जातात. उन्हाळ्यात हीच वेळ पहाटे साडेपाचची होते. आता जिना चढताना ते मध्ये थांबत नाहीत आणि रक्तदाबही आटोक्यात आहे. औषधे अर्थातच चालू आहेत. लेझीम हा औषधाला पर्याय नव्हे, असे डॉक्टरांनी बजावले आहे. गंमत अशी की, ज्या तलावाकाठी ते कंटाळत, तेथेही आता रविवारी दोन मुलांना बरोबर घेऊन फिरावयास जातात.

प्रत्येकाने लेझीमच खेळावी असा याचा अर्थ नाही. कोणाला पोहणे रुचेल, कोणाला सायकल, कोणाला बागेतील खुरपणी, कोणाला दिवाळीपूर्वी टाळ्यांच्या तालावर फेर धरून नाचले जाणारे येथील सुवा नृत्य. व्यायाम निवडताना स्वतःला दोन प्रश्न विचारावेत: लहानपणी काय करताना वेळेचे भान राहत नसे? आणि आपण गेलो नाही, तर कोणाला चुकल्यासारखे वाटेल? पहिल्या उत्तरात गोडी असते, दुसऱ्यात नित्यनेम.

दोन पथ्येही पाळावीत. श्रम इतकेच असावेत की बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. आरंभ आणि शेवट संथ असावा. ज्यांना हृदयाचा, रक्तदाबाचा वा मधुमेहाचा विकार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीवर दडपण आले, कळ हाताकडे वा जबड्याकडे गेली, किंवा दरदरून घाम सुटून श्वास कोंडला, तर तत्काळ थांबून रुग्णालय गाठावे; ‘पित्त असेल’ म्हणून वाट पाहू नये.

हे लिहीत असताना सहा वाजत आले आहेत. यजमानांनी लेझीम हातात घेतली आहे, आणि मुले अजून का आली नाहीत म्हणून ते दोनदा दारात डोकावून आले आहेत.