सहा तासांचा ॲनाफेज

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजची फी रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर. इथल्या मानाने किरकोळच. एवढ्या स्वस्तात मिळतंय म्हणजे शिकवणंही बेताचंच असणार, हे मी नाव घालतानाच गृहीत धरलं होतं. नवऱ्याच्या मित्रमंडळींत कुणी विचारलं, तर कॉलेजचं नाव टाळून 'बायोलॉजी करतेय' एवढंच सांगायची. शिवाय बारावी सायन्स सांगलीत झालेलं. पेशीविभाजन मला कोण नव्याने शिकवणार!

तिसऱ्या-चौथ्या लॅबला कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड आली. मायक्रोस्कोपखाली शंभर पेशी मोजायच्या आणि कोणती कुठल्या अवस्थेत आहे ते तक्त्यात भरायचं. ही स्लाइड मी बारावीत केली होती. म्हणजे, जर्नलमध्ये काढली होती. मायक्रोस्कोपपाशी ही रांग, प्रत्येकीला डोळा लावण्यापुरता वेळ. आकृती पुस्तकातूनच उतरवायची: टोक काढलेली पेन्सिल, उजवीकडे एकाखाली एक नावं आणि पानाच्या तळाशी बाईंची लाल सही. ती सही मिळाली की कांद्याचा आणि आपला संबंध संपला.

इथे मायक्रोस्कोप माझ्या एकटीला. चारशे पट मोठं करूनही दिसत होत्या त्या विटांच्या भिंतीसारख्या ओळी आणि जवळजवळ प्रत्येक विटेत एक गोल केंद्रक. इंटरफेज, इंटरफेज, पुन्हा इंटरफेज. मला वाटलं, माझीच स्लाइड भिकार आहे. पुस्तकात कशा सगळ्या अवस्था शेजारी शेजारी ऐटीत उभ्या असतात! थोड्याच पेशी मोजून कंटाळले आणि उरलेला तक्ता सरळ जुळवला. इंटरफेज ३०, प्रोफेज २०, मेटाफेज १५, ॲनाफेज २५, टेलोफेज १०. बेरीज बरोबर शंभर. ॲनाफेजला झुकतं माप दिलं, कारण आकृत्यांत मला तीच सगळ्यात सुरेख वाटायची.

पुढच्या आठवड्यात तक्ता परत आला. त्यावर गुण नव्हते, पेन्सिलीने केलेला एक गुणाकार होता. जितक्या पेशी एखाद्या अवस्थेत सापडतात, तितका वेळ पेशी त्या अवस्थेत घालवते, यावर तर तो सगळा प्रयोग उभा होता. चक्र चोवीस तासांचं धरलं, तर माझ्या २५ पेशींचे सहा तास होत होते. खऱ्या कांद्यात हे काम काही मिनिटांत उरकतं. प्रोफेसर माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "यातली एक तरी दाखव." मी स्लाइड इकडून तिकडे सरकवत राहिले. कानशिलं तापली होती. त्यांनी शून्य दिलं आणि पुन्हा मोजायला बसवलं. या वेळी इंटरफेज ८९ आणि ॲनाफेज अवघी एक. हिशेब आला चौदा मिनिटांचा.

इतकं होऊनही जनरल केमिस्ट्रीत मी पुन्हा तोच घोळ घातला. पहिल्या दोन्ही परीक्षांत आपटले होते. ठरलेल्या तारखेपर्यंत कोर्स सोडला असता, तर ट्रान्सक्रिप्टवर 'डब्ल्यू' लागला असता. तो जीपीएमध्ये धरत नाहीत. पण डब्ल्यू म्हणजे पळपुटेपणाचा शिक्का, असं मीच ठरवलं. प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना जायचं म्हणजे आपलं अज्ञान आपणच दाखवायचं, हेही माझंच म्हणणं. तारीख गेली आणि शेवटी 'डी' पडला.

डी जीपीए तर पाडतोच, वर पुढच्या कोर्सचं दारही उघडत नाही. जनरल केमिस्ट्रीच्या पहिल्या भागात किमान सी नाही तर दुसरा भाग नाही, दुसरा नाही तर ऑरगॅनिक नाही. आणि ही साखळी पूर्ण केल्याशिवाय यूसी डेव्हिसला बायोलॉजीसाठी ट्रान्सफर मागण्यात अर्थ नव्हता. कुठल्या विद्यापीठाला आपल्या कॉलेजातला कुठला कोर्स चालतो, हे 'असिस्ट'च्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतं. मी ते उघडलं निकालानंतर. काउन्सेलरकडे गेले तीही निकालानंतर. तिने आखणी नव्याने करून दिली, त्यात ट्रान्सफर एक वर्ष लांबली.

तोच कोर्स पुन्हा घेतला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ऑफिस अवर्सना जाऊन मोलॅरिटीचं गणित पुढे ठेवलं. प्रोफेसरबाईंनी माझी वही पाहिली आणि दोन मिनिटांत सांगितलं, मी मिलिलिटरचे लिटर करतच नव्हते.