निळा पडदा, काळा पडदा

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरात जोराचा वाद झाला. सोयरीक, जागेची वाटणी असलं काही कारण नव्हतं. प्रोग्राम कशात लिहावा, यावरून आमची थोरली मुलगी आणि आमच्या बहिणीचा मुलगा शीरखुर्म्याच्या वाट्या बाजूला सारून भांडत होते. थोरली पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. भाचा पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो. राजारामपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक कॉम्प्युटर क्लास आहे, त्यामुळे असली भांडणं गॅलरीतून आमच्या कानावर रोज पडतात. घरात पहिल्यांदाच आलं.

आम्ही भाषा शिकवणारी माणसं. उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात मराठी आणि उर्दू हे आमचे विषय. तरी दोघांचं ऐकत बसलो आणि जे कळलं ते असं.

कॉलेजच्या लॅबमध्ये पोरांना निळ्या पडद्यावर सी भाषा शिकवतात. त्याचं नाव टर्बो सी. बोरलँड या अमेरिकन कंपनीनं ते १९८७ साली काढलं, म्हणजे आम्ही प्राथमिक शाळेत पाटी-पेन्सिल घेऊन जात होतो तेव्हा. आजच्या विंडोजवर ते सरळ चालत नाही, म्हणून डॉसबॉक्स नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात बसवून चालवतात. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' हे पुस्तक आणि हा निळा पडदा, या दोन गोष्टींवर आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी सी भाषा गिरवली. भाचा हसतो, पण तोही त्यातूनच गेला. लिहायचं तिथंच, कंट्रोल आणि एफ नऊ दाबून चालवायचं तिथंच, आणि चूक सापडेना तर एफ सात दाबत एकेक ओळ पुढं सरकत पाहायचं, तेही तिथंच. त्या काळाच्या मानानं सोय मोठीच होती.

थोरली घरी व्हीएस कोड वापरते. मायक्रोसॉफ्टनं २०१५ साली आणलं, पैसे पडत नाहीत. लिहिता लिहिताच चुकीच्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते, अर्धा शब्द लिहिला की उरलेला तेच सुचवतं. आमच्या जुन्या लॅपटॉपवर मात्र ते उघडेपर्यंत चहा होतो, आणि पंखा मिक्सरसारखा आवाज करतो.

भाच्याचा पडदा काळा. त्यावर नुसती अक्षरं. माऊसला तो हात लावत नाही. फाइल उघडायची, हलवायची, शोधायची, सगळं हुकूम टाइप करून. त्याच्या एडिटरचं नाव व्हिम. त्याचा पूर्वज व्हीआय बिल जॉय यांनी बर्कलीच्या विद्यापीठात १९७६ साली लिहिला. त्यावरून नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली व्हिम काढला. पहिल्यांदा व्हिम उघडणाऱ्याला त्यातून बाहेर कसं पडायचं हेच कळत नाही, ही त्या जगातली जुनी थट्टा आहे. थोरलीनं ती करून घेतली. आम्हांला मात्र त्याच्या पहिल्याच पडद्यावरची एक ओळ पाहून बरं वाटलं. प्रोग्राम फुकट आहे, पण युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, असं तिथं लिहिलेलं असतं. मोलेनार २०२३ साली वारले. ती ओळ अजून आहे. सदका-ए-जारिया म्हणजे काय हे वर्गात सांगताना आता आम्ही विहीर आणि झाड यांच्या जोडीला हेही सांगतो.

व्हिमवाल्यांचं इमॅक्स नावाच्या दुसऱ्या एडिटरवाल्यांशीही कित्येक दशकांचं वैर आहे म्हणे. दादी, म्हणजे आमच्या सासूबाई, दिवाणावर बसून ऐकत होत्या. त्यांनी उभं आयुष्य शिवणकाम केलं. म्हणाल्या, "मी माझी कात्री कधी कुणाला दिली नाही. दुसऱ्याच्या हातात गेली की तिची धार बदलते." भाचा म्हणाला, "बघ, दादीला कळलं." थोरली म्हणाली, "दादी माझ्याच बाजूनं बोलली." वाद तिथं मिटला नाही, पण वाट्या रिकाम्या झाल्या.

खरी गोष्ट त्या संध्याकाळी सुरू झाली.

नववीच्या वार्षिक परीक्षेच्या निकालाचं काम त्या वर्षी आमच्याकडे होतं. आठ विषय, त्रेचाळीस मुलं. दरवर्षी कॅल्क्युलेटर घेऊन बसायचो. या वर्षी थोरली म्हणाली, "अम्मी, मी सीमध्ये प्रोग्राम लिहून देते. तुम्ही नुसते गुण भरा." आम्हांला अभिमान वाटला. गुण भरले, उर्दूच्या सरांनी त्यांचे त्यांच्या मोबाइलवरून पाठवले, प्रोग्राम चालला, यादी निघाली. कच्ची यादी वर्गशिक्षकांकडे गेली. कच्ची यादी कच्ची राहत नाही, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत आम्हांला ठाऊक असायला हवं होतं. दोन दिवसांत मुलांपर्यंत पोचली.

त्या यादीत एक मुलगी मराठीत नापास होती. बावीस गुण. आम्ही स्वतः तिचा पेपर तपासला होता. पत्रलेखन इतकं नेटकं होतं की शेजारी 'शाब्बास' लिहिलेलं आम्हांला आठवत होतं. ईदच्या सुट्टीत तिच्या मैत्रिणीकडून कळलं की ती घरातून बाहेर पडत नाही, आणि वडील म्हणतात, झालं तेवढं शिक्षण पुरे. कपाटातून आमची गुणवही काढली. लाल शाईत अठ्ठावन्न.

थोरलीचा चेहरा उतरला. "प्रोग्राम बरोबर आहे," ती म्हणाली. "एक पण लाल रेघ नाही."

इथं दोघांच्या दोन तऱ्हा दिसल्या. भाच्यानं लॅपटॉप ओढून घेतला आणि जीडीबी नावाचं अवजार सुरू केलं. त्यात प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवता येतो आणि त्या क्षणी कुठल्या खान्यात काय आहे ते पाहता येतं. अर्धा तास तो ओळीओळीनं सरकत होता. पहिली पाच मुलं बरोबर, दहा बरोबर. त्याला घाई झाली. थोरलीनं लॅपटॉप परत घेतला आणि प्रोग्रामच्या मध्ये एक साधी ओळ घातली: प्रत्येक मुलाचा आकडा वाचलास की तू काय वाचलंस ते छापून दाखव. भाचा म्हणाला, "ही शाळकरी पद्धत." तिनं उत्तर दिलं की सी भाषेच्या मूळ पुस्तकाचे एक लेखक ब्रायन कर्निहॅन यांनीच १९७९ साली लिहून ठेवलंय, चूक शोधायचं सर्वांत चांगलं साधन म्हणजे नीट विचार आणि योग्य जागी घातलेली छापायची ओळ. हे तिला क्लासच्या सरांनी सांगितलं होतं.

आम्हांला बी.एड.चे दिवस आठवले. निदानात्मक चाचणी असा एक भाग होता. मुलाचं उत्तर चुकलं एवढ्यावर थांबायचं नाही, कुठल्या पायरीवर चुकलं ते त्याच्याकडून बोलून घ्यायचं. आम्ही परीक्षेत त्यावर पानभर लिहून चांगले गुण मिळवले होते. वर्गात किती वेळा केलं, ते विचारू नका. चाळीस वह्या समोर असल्या की फुली मारून हात पुढं जातो.

पडद्यावर आकड्यांची रांग उतरली. बाविसाव्या क्रमांकापाशी मराठीचे गुण बावीस, आणि तेविसाव्या क्रमांकालाही बावीस. ती मुलगी तेविसावी. तिच्या ओळीत 'वाचलं' या शब्दापुढं मात्र आकडा नव्हता, चित्रविचित्र खुणा होत्या, कागदावर मुंगी फिरावी तशा. दोघं एकमेकांकडे पाहत राहिली.

"खाला, हे गुण तुम्ही कशात भरले?"

आम्ही सांगितलं. गुण भरता भरता शेऱ्याच्या रकान्यात मराठीत लिहायचं म्हणून कळफलक मराठी केला होता. पुढच्या ओळीला तो बदलायचा कधी लक्षात राहिला, कधी नाही. आमच्या डोळ्यांना पाच तो पाच. इंग्रजीत काय, देवनागरीत काय, वाचताना फरक जाणवतच नाही. सीला जाणवतो. देवनागरीतला एकेक आकडा फाइलमध्ये तीन बाइटचा असतो, उर्दूतला दोन, इंग्रजीतला एक. थोरलीनं वाचायला वापरलेल्या हुकमाला फक्त इंग्रजी आकडे कळतात. दुसरं काही दिसलं की तो ओरडत नाही, शून्यही ठेवत नाही. खान्यात आधीचं जे असेल ते तसंच राहू देतो. म्हणून आधीच्या मुलाचे गुण पुढच्या मुलाला. चूक दिसली नाही ती यामुळेच. शून्य असतं तर कुणीही विचारलं असतं.

आता भाच्याच्या काळ्या पडद्याची पाळी होती. फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन त्यानं आपल्या लिनक्सच्या लॅपटॉपवर एक ओळीचा हुकूम दिला: इंग्रजीखेरीज दुसऱ्या आकड्यांत गुण असलेल्या सगळ्या ओळी दाखव. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच चौदा ओळी समोर आल्या. नऊ आमच्या, देवनागरीतल्या. पाच उर्दूच्या सरांच्या, उर्दू आकड्यांतल्या. हे काम थोरलीच्या व्हीएस कोडमध्ये झालं नसतं असं नाही, पण तिला ते माहीत नव्हतं, आणि ती तसं म्हणालीही. भाचा म्हणाला, पायथन भाषेत लिहिलं असतं तर तिन्ही प्रकारचे आकडे तिनं आपोआप ओळखले असते. हे खरं आहे. कॉलेजात सी शिकवतात, हेही खरं.

नवव्या शतकात बगदादेत अल-ख्वारिझ्मी यांनी हिंदुस्तानी आकड्यांच्या हिशेबावर किताब लिहिली. तिच्या लॅटिन तर्जुम्यांतून ते आकडे युरोपात पसरले, आणि अल्गोरिदम हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. एकाच घराण्याचे हे आकडे, हजार वर्षं तीन लिप्यांत वेगवेगळे राहून आमच्या गुणपत्रिकेत पुन्हा भेटले आणि एकमेकांना ओळखेनात. दादींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "सख्खे भाऊ बांधावरून बोलत नाहीत, आकड्यांचं काय घेऊन बसलीस."

चौदा ओळी हातानं तपासल्या. पाच मुलांचे गुण वाढले. सातांचे थोडे कमी झाले, पण पास-नापासाला धक्का नव्हता. एकाचे तेवढेच राहिले, योगायोगानं. राहिला एक मुलगा. यादीत त्याला उर्दूत एकाहत्तर होते. खरे सत्तावीस. त्याच्या आईनं गल्लीत पेढे वाटल्याचं आम्हांला आधीच कळलं होतं.

त्या मुलीच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. थोरली बरोबर होती. आम्ही सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच चप्पल घातली. वडिलांपुढं गुणवही उघडून ठेवली आणि म्हणालो, चूक आमची. ते बराच वेळ वही पाहत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटरनं काढलंय म्हटल्यावर आम्ही काय बोलणार होतो?" मुलगी दारामागं उभी होती. थोरलीनं तिला बाहेर बोलावून सगळं समजावलं, तर तिनं एकच विचारलं, "मग माझ्या आधीचा तो खरंच नापास आहे का?" तो होता.

पेढेवाल्या घराची पायरी चढणं जड गेलं. चूक तीच, माफी तीच, पण इथं आम्ही दिलेलं काढून घेत होतो. आईनं पाणी दिलं, चहा विचारला नाही. मुलगा म्हणाला, "मला वाटलंच होतं. एवढा पेपर मी लिहिलाच नव्हता." फेरपरीक्षेपर्यंत उर्दूच्या सरांनी त्याला रोज तासभर बसवलं, तो पास झाला. पण त्याच्या आईच्या बोलण्यात आमच्याशी आता एक अंतर आहे. बाजारात दिसल्या तर सलाम होतो, तेवढाच.

भाचा पुण्याला जाताना लॅपटॉप नवा घ्या म्हणून सांगून गेला. भिशीचे पैसे यायचे होते. आम्ही विचारलं तर थोरली म्हणाली, नको, जुन्यावरच लिनक्स घालते, हलका चालेल. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत आहेत, ते पाहून ती हुकूम शिकली. व्हीएस कोड तिनं सोडलेलं नाही. खाली काळी खिडकी, वर रंगीत, असं दोन्ही उघडून बसते, आणि भाचा फोनवर त्याला भेसळ म्हणतो.

प्रोग्राम तिनं दुरुस्त केला. आता वाचायला जमलं नाही तर तो पुढं जात नाही. पहिल्या सत्राचे गुण भरताना आमचा कळफलक पुन्हा मराठीतच राहिला. प्रोग्राम थांबला, आणि पडद्यावर ओळ आली: 'सतराव्या क्रमांकाचे गुण वाचता आले नाहीत. अम्मी, आकडे इंग्रजीत.'