आधी भिंत, मग मांडव

नवी लेन्स घरी आली की पहिला फोटो बहुतेकांचा ठरलेला असतो. खिडकीतली तुळस, पायरीवरचं मांजर, नाहीतर घरातलं सगळ्यात लहान मूल. डोळे लख्ख, मागचं सगळं धूसर, आणि पैसे वसूल झाल्याचं समाधान. त्या फोटोत आनंद असतो आणि तो घ्यावाच. पण त्यातून लेन्सबद्दल काही कळत नाही, कारण तिला आपण काही विचारलेलंच नसतं. चाचणी सुरू होते ती प्रश्नापासून. ग्रुप फोटोत टोकाला उभी असलेली काकू मधल्या नवरीइतकी स्पष्ट येईल का? कार्यालयातल्या पिवळट उजेडात फोकस लागायला किती वेळ जाईल? लाल शालूची वीण दिसेल का? असे प्रश्न आधी वहीत उतरवायचे आणि मगच नव्या सामानाला हात लावायचा, ही माझी शिस्त आहे.

लातूर आणि आसपासच्या गावांतली लग्नं हा माझा व्यवसाय. या कामात ‘परत एकदा घेऊया’ म्हणायची सोय नाही. शेवटच्या मंगलाष्टकानंतर अंतरपाट एकदाच खाली येतो. त्या क्षणी नवरीच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते दुसऱ्यांदा उमटत नाही. म्हणून सामान पारखायचं काम लग्नाच्या दिवशी करायचं नसतं. ते घरी, फुरसतीत, काहीही पणाला लागलेलं नसताना उरकायचं.

सुरुवात भिंतीपासून. वर्तमानपत्राची छोट्या जाहिरातींची पानं भिंतीवर चिकटवायची: एक मधोमध, चार चार कोपऱ्यांत. त्या बारीक अक्षरांतल्या काना-मात्रा-अनुस्वारांइतका चांगला तक्ता दुसरा नाही. अनुस्वाराचा ठिपका वाचता आला की लेन्सने काम केलं. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर हवा. जरा तिरका राहिला तर एक बाजू मऊ दिसते आणि लेन्सवर नाहक आळ येतो. त्यासाठी एक लहान सपाट आरसा भिंतीला चपखल टेकवायचा आणि कॅमेऱ्यातून बघत लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोब्बर मध्ये येईपर्यंत ट्रायपॉड सरकवत राहायचा. ते मध्ये आलं की कॅमेरा भिंतीकडे नाकासमोर बघतोय असं समजायचं. मग आरसा काढायचा. आयएसओ १००, स्टॅबिलायझेशन बंद, बटण दाबल्याचा हादरा उतरू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. एफ/१.८ पासून सुरू करून २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असं एकेक पायरी चढत जायचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही.

संध्याकाळी हे फोटो मोठे करून बघताना लेन्सचा स्वभाव उलगडत जातो. पूर्ण उघड्या ॲपर्चरला चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ती त्या लेन्सची जातच आहे, दोन पायऱ्या खाली आलं की सुधारते. पण तीन कोपरे स्पष्ट आणि चौथाच धुरकट असेल तर आतली एखादी काच जागेवरून किंचित सरकलेली असते. हा त्या जातीचा दोष नसतो, आपल्या हातात आलेल्या नगाचा असतो, आणि मुदतीच्या आत दुकानात जाऊन ती बदलून घ्यायची. एफ/१६ ला गेलं की सगळं चित्र पुन्हा थोडं मऊ पडतं, कारण इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश कडेला वाकतो आणि पसरतो. हे कुठल्याच कंपनीला चुकवता येत नाही. या दोन टोकांच्या मध्ये प्रत्येक लेन्सची एक हक्काची जागा असते. माझ्या ग्रुप फोटोच्या लेन्सची ती एफ/५.६ ला आहे. पन्नास पाहुणे स्टेजवर दाटीवाटीने उभे असतात तेव्हा बोटं आपोआप तिथे जातात.

भिंत मात्र हलत नाही, लाजत नाही, तिला हळद लागत नाही. म्हणून भिंतीनंतरच्या चाचण्या कामाच्या रंगांवर आणि कामाच्या उजेडात कराव्या लागतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात झेंडूचे ढीग लागतात. नव्या कॅमेऱ्याचे रंग तपासायला त्यासारखी जागा नाही. ऊन पडलेल्या केशरी झेंडूचा फोटो काढा. मागच्या स्क्रीनवर तो झकास दिसेल, उजेडाचा साधा हिस्टोग्रामही सगळं ठीक आहे असं सांगेल. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम उघडा, मग दिसेल की लाल रंगाचा डोंगर उजव्या भिंतीला जाऊन थडकलाय. फोटो मोठा केला की पाकळ्यांच्या कडा गायब असतात, सुट्या पाकळ्यांऐवजी केशरी रंगाचा एक सपाट गोळा उरतो. एक्सपोजर मायनस पॉइंट सातवर आणलं की एकेक पाकळी परत येते. लाल शालू, हळदीने माखलेले गाल, कपाळावरचा मळवट या सगळ्यांची गत हीच. कुठला कॅमेरा लाल रंगाला किती सांभाळतो हे मला बाजारातच कळलेलं असतं, त्यामुळे हळदीच्या अंगणात विचार करत बसावं लागत नाही.

मंगल कार्यालयातल्या दिव्यांची तऱ्हा वेगळी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्याला ते कळत नाही, शटरला कळतं. शटर १/१०० ला ठेवलं तर एक पूर्ण फेरा त्यात मावतो आणि सगळे फोटो सारख्या उजेडाचे येतात. १/५०० ला गेलं की एक फोटो उजळ, पुढचा काळपट, तिसऱ्यात आडवे पट्टे. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर हे पट्टे आणखी ठळक होतात, कारण बहुतेक सेन्सर चित्र एकदम न वाचता ओळी-ओळीने वाचतात. स्टेजमागच्या एलईडी पडद्याचा वेग आणखी निराळा. यावर तोडगा एकच, आदल्या संध्याकाळी कार्यालयात जायचं, सगळे दिवे लावायला सांगायचं आणि तिथल्या तिथे शटरचा आकडा ठरवायचा.

चाचणी कोणावर करतो यालाही फार महत्त्व आहे. कोडॅक कंपनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून फोटो लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुन्याचा फोटो पाठवत असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्यावर गोऱ्या कातडीची बाई. तिचा चेहरा नीट छापला गेला की मशीन बरोबर, असा हिशेब. परिणामी सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचे बारकावे वर्षानुवर्षं अंधारात बुडत राहिले. गडद लाकडाचं फर्निचर आणि चॉकलेट यांच्या जाहिराती करणाऱ्यांनी तक्रारी केल्या, तेव्हा फिल्मच्या रसायनात सुधारणेला गती आली. वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांची कार्डं यायला नव्वदचं दशक उजाडलं. ज्या चेहऱ्यावर चाचणी होत नाही, तो चेहरा फोटोत उपेक्षित राहतो, हे मी या इतिहासातून घेतलं आहे. म्हणून माझ्या चाचणीच्या फोटोत उन्हात राबून रापलेले वडील असतात, सावळी बहीण असते, गोरी भाची असते, आणि तिघं एकाच बाकावर बसलेले असतात. मराठवाड्यातल्या मांडवात असेच सगळे एका रांगेत उभे असतात. एकाला उजळवण्यासाठी दुसऱ्याला पांढराफटक करणारं सेटिंग मला चालत नाही.

नव्या कॅमेऱ्याची चाचणी कशी करावी, याचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा धडा दादासाहेब फाळक्यांनी घालून दिलाय. १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेऱ्याची, फिल्मच्या कडेला भोकं पाडायच्या यंत्राची तजवीज करून परतले. छायाचित्रण त्यांना नवं नव्हतं. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले होते, गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ चालवला होता. तरीही सामान हाती आल्यावर ते थेट राजा हरिश्चंद्राकडे वळले नाहीत. कुंडीत एक वाटाणा पेरला आणि त्याचं रोप होईपर्यंत दिवसांमागून दिवस एकेक चौकट टिपत राहिले. ‘अंकुराची वाढ’ ही ती छोटीशी फिल्म. ती पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला.

त्या वाटाण्याची निवड किती विचारपूर्वक होती हे कॅमेरा हाताळणाऱ्याला चटकन कळतं. रोपाला रोजगार द्यावा लागत नाही, ते संवाद विसरत नाही. पण भोकं सारख्या अंतरावर पडली नसतील तर पडद्यावर रोप उड्या मारेल. रोजचा उजेड सांभाळला नसेल तर चित्र लुकलुकेल. फिल्म धुताना हयगय झाली तर डाग दिसतील. म्हणजे भोकं पाडण्यापासून पडद्यापर्यंतची सगळी साखळी एका अंकुरावर तपासून झाली. भोकं पाडणं, फिल्म धुणं ही कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या, म्हणजे माणसंही तयार झाली. त्यानंतर ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

अंकुरांवरून हिशेब करायची रीत माझ्या घरातही आहे. वडील सोयाबीन पेरतात. जूनच्या आधी घरच्या बियाण्यातले सरसकट शंभर दाणे उचलायचे, चांगले निवडायचे नाहीत. धुतलेलं गोणपाट भिजवून अंथरायचं, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट घालायचं, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची. आठवड्याभराने उघडून सशक्त कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर एकरी तीस किलो बियाणं. साठ निघाले तर पस्तीस. त्याहून फारच कमी आले तर ते बियाणं पेरायचं नाही.

वडिलांची ही मोजणी बघत मी मोठा झालो आणि चाचणीचा खरा उपयोग मला तिथे कळला. साठ कोंब निघालेलं बियाणं वडील टाकून देत नाहीत, हात थोडा सैल सोडतात. चाचणी हाताला माप देते. कॅमेऱ्याच्या आयएसओचं मी असंच माप काढतो. एकच फोटो १६००, ३२००, ६४०० आणि १२८०० ला काढायचा आणि कॉम्प्युटरवर डोळे फोडत न बसता लॅबमधून अल्बमच्या बारा बाय छत्तीसच्या शीटवर छापून आणायचा, कारण गिऱ्हाइकाच्या हातात कागद जाणार असतो. स्क्रीनवर भयानक वाटलेला ६४०० चा रवाळपणा कागदावर जवळजवळ विरघळतो. १२८०० चा मात्र गालांवर उरतो, म्हणून तो फक्त लहान चौकटींसाठी. ही रेघ एकदा कागदावर पाहिली की अंधाऱ्या मांडवात आकडा वाढवताना मन कचरत नाही आणि कुठे थांबायचं तेही ठाऊक असतं.

बाकीच्या तपासण्या छोट्या, पण चुकवायच्या नाहीत. नवं मेमरी कार्ड आधी काठोकाठ भरायचं, सगळे फोटो उघडून बघायचे आणि मगच बॅगेत टाकायचं. लिहिलेल्या क्षमतेपेक्षा कमी जागा असलेली बनावट कार्डं बाजारात मिळतात आणि अर्ध्यावर पोचेपर्यंत ती बिनबोभाट चालतात. सेन्सरवरची धूळ बघायला एफ/१६ वर निरभ्र आकाशाचा फोटो. धावणाऱ्याला फोकस धरतो का ते बघायला गल्लीतली पोरं आपणहून हजर होतात.

हे सगळं लग्नघराला दिसत नाही, दिसायचं कारणही नाही. त्यांनी मला बोलावलेलं असतं ते त्यांची माणसं टिपायला, आणि माणसांकडे बघायचं तर यंत्राकडे बघणं आधीच संपलेलं असायला हवं. मुलीला निरोप देताना बाप गर्दीतून जरा बाजूला जाऊन तोंड फिरवतो. त्याच्याकडे माझं लक्ष जातं, कारण त्या वेळी डोक्यात शटर, आयएसओ, कोपरे यांतला एकही प्रश्न शिल्लक नसतो. हाताखाली शिकायला आलेल्या मुलांना म्हणूनच मी पहिल्या दिवशी कॅमेरा देत नाही. वही देतो आणि या कॅमेऱ्याला काय-काय विचारायचंय ते लिहून आण, असं सांगतो. ज्याची यादी लांब, त्याच्या हाती मांडव लवकर सोपवता येतो.