वहिनींची पाटी

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. मागच्या आठवड्यात नगरला जाऊन आलो. (हो, आता अहिल्यानगर. पण एस.टी.त तिकीट मागताना तोंडातून 'नगर'च येतं, काय करणार!) केडगावच्या घराच्या दारावर अजूनही ती पुठ्ठ्याची पाटी आहे. कोपरे उडालेत, अक्षरं फिकट झालीत. त्या पाटीची गोष्ट सांगायची आहे, आणि थोडं माझ्याबद्दलही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दादाची एमआयडीसीतली नोकरी गेली. वहिनींच्या हातचा येसूर आणि शेंगदाण्याची चटणी आमच्या नातेवाईक मंडळींना माहीत आहेच, पुडे तुमच्याकडेही आलेत! तोवर ते सगळं प्रेमाखातर चालायचं. त्या वर्षी वहिनींनी पहिल्यांदा पैसे घ्यायला सुरुवात केली. व्हॉट्सॲपवर ग्रूप, त्यावर भावाची यादी, आणि दादा स्कूटरवरून पुडे पोचवणार. बरं चाललं होतं.

२०२१ च्या दिवाळीआधी पुण्याच्या एका दुकानदारानं एकदम साठ पुडे मागितले आणि विचारलं, "फूड लायसन्सचा नंबर काय?"

वहिनींनी मला फोन केला. मी घरातला शिकलेला ना! म्हटलं, "अहो वहिनी, घरच्या चटणीला कसलं लायसन्स? लायसन्स दुकानाला लागतं."

रात्री जरा वाचून बघितलं तर मी साफ चूक. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याला चटणी घरात कुटली की कारखान्यात, याच्याशी देणंघेणं नाही. विकली की नोंदणी आलीच. हातगाडीवाल्यालाही ती लागायची. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना मोठा परवाना नको, साधी नोंदणी पुरे. फी तेव्हा वर्षाला १०० रुपये होती, आणि एक ते पाच वर्षांची एकदम भरता यायची. याच कामाचे एका एजंटानं ३५०० रुपये सांगितले होते! वर म्हणाला, लाईट बिल वारलेल्या माणसाच्या नावावर आहे, अवघड आहे. (बिल अजून आबांच्या नावानं येतं.)

शनिवारी लॅपटॉप घेऊन केडगावला गेलो. अर्ज भरायला बसलो आणि अर्जदाराच्या रकान्यात सरळ दादाचं नाव टाकलं. कुणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हे डोक्यातही आलं नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या, स्क्रीनकडे बघितलं. म्हणाल्या, "भाऊजी, तिथं माझं नाव घाला."

मी समजूत घालायला लागलो. "अहो, उद्या काही तक्रार आली, कुणी तपासणीला आलं, तर तुम्हाला कशाला त्रास?"

"तक्रार आली तर चटणीत काय घातलंय ते सांगणार कोण? ह्यांना शेंगदाणे किती भाजायचे तेही माहीत नाही."

दादा हसला. मलाही हसू आलं, पण आतून ओशाळलो. वहिनींना त्रास नको म्हणून मी दादाचं नाव घातलं, हे मी नंतर शोधलेलं कारण होतं. खरं तर वहिनींचा विचारच केला नव्हता. दीड वर्ष त्यांच्या कष्टांवर घर चाललं होतं, आणि कागदाची वेळ आल्यावर माझी बोटं आपोआप दादाच्या नावाकडे वळली.

वहिनींच्या आधारवर केडगावचाच पत्ता होता, त्यामुळे लाईट बिलाचं काही अडलं नाही. दादा म्हणाला, एक वर्षाची फी भरू, चाललं तर पुढचं बघू. वहिनींनी डब्यातून ५०० ची नोट काढून माझ्या हातात दिली. "पाच वर्षांची भरा."

आठवडाभरात चौदा आकडी नंबर आला. मग लेबल. वजन, किंमत, तारीख, पत्ता, शाकाहाराची हिरवी खूण, घटक पदार्थ... आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी तसा उल्लेख. हे वाचून वहिनी थांबल्या. "येसूरही त्याच भांड्यात दळते मी. एखाद्याच्या पोराला बाधलं म्हणजे?" दुसऱ्याच दिवशी मिक्सरचं वेगळं भांडं आलं. त्या एका ओळीवर मी कधीच थांबलो नसतो.

राहिली पाटी. ज्याला जुने लोक 'गुमास्ता' म्हणतात, त्या दुकाने कायद्याचं काम. २०१७ च्या नव्या कायद्यानं दहापेक्षा कमी कामगार असणाऱ्यांना नोंदणीऐवजी नुसती ऑनलाईन सूचना द्यायची सोय केली. सोपं काम. पण सोबत दुकानाचा मराठी पाटीसकट फोटो मागितला! दुकानच नाही तर पाटी कुठली? शेवटी पुतणीनं पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलं. वर वहिनींचं पूर्ण नाव, खाली 'घरगुती मसाले व चटण्या'. चिकटपट्टीनं दारावर लावली, फोटो काढला.

फोटो झाल्यावर मी पाटी काढायला गेलो, तर आई म्हणाली, "राहू दे रे." एवढंच. त्या दारावर आबांच्या नावाची पाटी होती, नंतर दादाच्या नावाची लागली. सुनेचं नाव पहिल्यांदाच आलं होतं. आई त्या घरात चाळीस वर्षं राहिली. तिचं नाव कधी लागलं नाही, हे मला त्या दिवशी उमगलं.

२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा वहिनींकडे 'अहमदनगर' छापलेली लेबलं गठ्ठ्यानं शिल्लक होती. दोन संध्याकाळी बसून सगळ्यांनी त्यावर 'अहिल्यानगर'च्या चिठ्ठ्या चिकटवल्या. वहिनी म्हणाल्या, "गावाचं बदललं, माझं तेच आहे, बरं झालं."

असो. तुमच्यापैकी कुणी घरून असं काही विकत असाल तर एजंटाला पैसे मोजण्याआधी सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडून बघा. फी, मर्यादा बदलत असतात, पण अर्ज वाटतो तितका अवघड नसतो. आणि अर्जदाराच्या रकान्यापाशी आलात की जरा थांबून स्वयंपाकघरात विचारून या.

या खेपेला वहिनींना म्हटलं, चांगली ॲक्रिलिकची पाटी करून आणतो. म्हणाल्या, "आणा. पण ही काढायची नाही. खाली लावा."