दहा वर्षांचा हिशोब

आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीतील माउलीने परवा मला विचारले, "मास्तर, पोरगी झाडापाल्याचंच शिकीन म्हणते. किती वर्षं लागतील?" मी बोटे मोजली : दहावीनंतर दोन, पदवीची तीन, एम.एस्‌सी.ची दोन व पीएच.डी.ची निदान तीन. दहा! बाई मुकाट्याने उठून गेली.

मागाहून मला खंत वाटली. कारण मी वर्षेच सांगितली, त्यांत काय करावयाचे हे सांगितलेच नाही. एम.एस्‌सी.ला पदवीपर्यंतचा जीवशास्त्राचा पाया लागतो. तेथे व्याख्यानांखेरीज प्रयोगशाळेतील काम, संशोधनपद्धती आणि स्वतःचा संशोधन-प्रकल्प असतो. पीएच.डी.ला आधी किमान 12 श्रेयांकांचा अभ्यास, मग प्रबंध. परंतु या साऱ्याचे मूळ एकच : डोळे उघडे ठेवून पाहणे व पाहिलेले नीट नोंदविणे.

मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर (1884–1960) यांना याच घाटापलीकडे, सातारा जिल्ह्यातील नद्यांत, गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला. असा जीव आफ्रिकेतच असतो, अशी तोवर समजूत होती. बर्लिनची डॉक्टरेट त्यांना त्यानंतर मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीस एक कोरी वही दिली व म्हटले, "ओढ्याकाठी जे फुलेल त्याचे नाव, जागा, तारीख लिही." आठवड्याने वही परत आली. सात पाने भरली होती. शेवटी आईचा निरोप होता : "शिकू दे तिला. पैशाचं बघू."