बाटलीतला सांडा

आमच्या हॉस्टेलमध्ये कुणाची कंबर धरली, कुणाचा पाय मुरगळला, की औषध एकच. कुणाच्या तरी ट्रंकेतून एक चपटी बाटली निघते आणि झाकण उघडताच अख्ख्या विंगला खबर लागते! बाटलीवर पालीसारख्या एका प्राण्याचं चित्र आणि खाली ‘असली सांडे का तेल’. या तेलाचे ‘इतर’ उपयोगही सगळ्यांना पाठ आहेत. पण ते लिहिले तर मॅगझिनचे सर हा लेख परत देतील.

मला ही बाटली लहानपणापासून ओळखीची. माझे वडील एस.टी.त ड्रायव्हर. रात्री ड्युटीवरून आले की अण्णा पालथे पडायचे आणि मी त्यांच्या कमरेला तेल चोळायचो. बाटली आठवडी बाजारातून यायची, रस्त्याकडेला चादर पसरून बसणाऱ्याकडून. सांडा म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न कधी पडलाच नाही. असेल घोरपडीचा चुलतभाऊ!

तो भेटला थर्ड इयरनंतरच्या सुट्टीत, जैसलमेरजवळ. पवनचक्क्यांच्या साइटवर ट्रेनिंगला गेलो होतो. जूनचं ऊन, दहा वाजले की टॉवरचा लोखंडी दरवाजासुद्धा हाताला चटका द्यायचा. म्हणून सकाळी लवकर रीडिंग घ्यायला जायचो. पहिल्याच सकाळी टॉवरपासून थोड्या अंतरावर, एका बिळाच्या तोंडाशी, हातभर लांबीचा एक प्राणी उन्हात पसरलेला दिसला. फुगीर अंग, बोथट तोंड आणि शेपटीवर काट्यांची कडी एकापुढे एक. मी दचकलो. पहाऱ्यावरचे म्हातारे बाबा हसले. म्हणाले, “सांडा है. घास खाता है बेचारा.”

घास! घोरपड मांसाहारी, हा मात्र पानं, फुलं, बिया खाऊन जगतो. पावसाळ्यात किडे मिळाले तर तेही खातो, पण मुख्य जेवण पाल्याचंच. आमच्या मेसपेक्षा साधं.

मग मला नादच लागला. रोज सकाळी रीडिंग संपलं की अर्धा तास सांडा. बिळातून बाहेर येताना तो काळपट असायचा. अंग तापत गेलं की रंग उजळत वाळूसारखा पिवळसर व्हायचा. गडद रंग उष्णता शोषतो, फिका परतवतो. हीट ट्रान्सफरच्या पेपरला माझी केटी लागली होती. हा प्राणी मात्र तोच धडा रोज बिनचूक करून दाखवत होता! ऊन वाढलं की तो बिळात शिरायचा आणि आतून मातीनं दार लिंपून घ्यायचा. संध्याकाळीही तेच. बाहेरून पाहिलं तर इथे बीळ होतं हेही कळू नये. हे बीळ नागमोडी असतं आणि दोन मीटरपेक्षाही लांब असू शकतं. एका बिळात एकच सांडा. म्हणजे सिंगल रूम, तीही स्वतःच्या हातांनी खणलेली.

घरातली पाल संकटात शेपटी टाकून पळते. सांड्याला ती सोय नाही. शत्रू मागे लागला तर तो तोंड आत घालून काटेरी शेपटी दाराकडे ठेवतो आणि तिचे फटके मारतो. त्याच शेपटीत चरबी साठवतो आणि थंडीचे महिने बिळात झोपून काढतो. वाळवंटातले कोल्हे, गरुड, ससाणे त्याच्यावर जगतात. तिथला माळढोकही त्याला खातो. म्हणजे पाला खाऊन हा प्राणी वाळवंटातल्या कितीतरी पोटांची सोय करतो.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी बिळाच्या जागी कुदळीनं खणलेला खड्डा होता. दाराची लिंपलेली माती बाजूला विखुरलेली. बाबांनी खाली पाहिलं आणि नुसती मान हलवली. मग सांगू लागले. कधी खणून काढतात, कधी बिळात गरम पाणी ओततात, कधी धूर करतात. हाती लागला की आधी पाठीचा कणा मोडतात. मग तो पळू शकत नाही, पण लगेच मरतही नाही. जिवंत दाखवून विकता येतो. शेवटी शेपटीतली चरबी वितळवून तेल.

मी त्या खड्ड्याशी उभा होतो आणि मला अण्णांची कंबर आठवत होती.

या तेलानं दुखणं बरं होतं याला शास्त्रीय पुरावा नाही. चरबी ती चरबीच. अंगाला जी ऊब जाणवते ती चोळण्याची. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सांड्याला संरक्षण आहे. त्याला पकडणं आणि विकणं गुन्हा आहे. हे सगळं मी नंतर लायब्ररीत वाचलं. पण वाचण्याआधी घरी जायचं होतं.

घरी त्या रात्री अण्णांनी सवयीनं बाटली पुढे केली. मी पाहिलं ते सगळं सांगितलं. कण्याचंही. अण्णा बराच वेळ बाटली हातात धरून बसले. मी विचारलं, “अण्णा, खरं सांगा, फरक पडायचा का यानं?”

“कसला फरक? सकाळी पुन्हा तेच स्टिअरिंग. तू चोळायचास तेवढा वेळ बरं वाटायचं, एवढंच.”

मग आईनं खोबरेल कोमट करून आणलं. मी चोळलं. अण्णा नेहमीसारखेच मध्येच घोरायला लागले!

परवा रूम पार्टनरचा पाय फुटबॉल खेळताना मुरगळला आणि ती चपटी बाटली पुन्हा हजर झाली. मी त्याला बर्फ लावला, पाय उशीवर ठेवायला लावला आणि ही गोष्ट सांगितली. त्यानं बाटली उचलून चित्राकडे पाहिलं आणि विचारलं, “हा खरंच गवत खातो?”

मित्रांनो, एवढा एक प्रश्न तुम्हीही बाटली विकत घेण्याआधी विचारा. मला तो पडायला वीस वर्षं लागली.