चोर्ल्याच्या वाटेवर

बेळगावहून गोव्यास जाणारी चोर्ल्याची वाट जांबोटी ओलांडली की रानात शिरते. २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन खुले होते. त्यानिमित्त डिसेंबरातल्या एका पहाटे आम्ही दहाजण भाड्याच्या गाडीने निघालो. आरशाखाली मोगऱ्याच्या वासाची एक कुपी टांगलेली होती आणि थंडीमुळे काचा बंद होत्या. मला तो वास प्रसन्न वाटला, हे आधीच कबूल करतो.

कणकुंबीच्या अलीकडे मागून शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला. आमच्या धर्मग्रामातील एका आजींना दम्याची उबळ आली होती. गाडी थांबवून त्यांना उतरवले. त्यांनी आपल्या औषधाचा फवारा ओढला. कणकुंबी हे मलप्रभेचे उगमस्थान. तेथील हवेला ओल्या पाचोळ्याचा वास होता. अर्ध्या घटकेत त्यांचा श्वास ठिकाणावर आला. ओशाळलेल्या चालकाने कुपी पिशवीत गुंडाळून दूर ठेवली.

"आजी, आधी का बोलला नाहीत?"

"काय बोलायचं, फादर? सगळ्यांना तो वास आवडतो. आपल्या चर्चमध्येही मी म्हणूनच व्हरांड्यात उभी राहते."

मी चपापलो. दोन वर्षे मी त्यांना व्हरांड्यात पाहत होतो आणि मनातल्या मनात त्याला अनास्था म्हणत होतो. ख्रिस्तमंदिरातील कुबटपणा जावा म्हणून सुगंधी फवाऱ्याचे डबे आणि गुलाबगंधी मेणबत्त्या मीच आणवल्या होत्या!

असा प्रत्येक त्रास काटेकोर अर्थाने ॲलर्जी नसतो. पुष्कळदा त्या द्रव्यांनी श्वासनलिका नुसती चिडते व आकसते. परंतु गुदमरणाऱ्याला या भेदाचे काय? लिंबाचा वास देणारे लिमोनीन हवेतील ओझोनशी संयोग पावले की त्यातून फॉर्मल्डिहाइड निर्माण होते. मेणबत्तीच्या ज्योतीतून सूक्ष्म काजळी निघते ती वेगळीच. 'नैसर्गिक' असे छापल्याने त्यात फरक पडत नाही. आमचा धूपही निर्दोष नव्हे. धूर तो धूरच.

जुन्या गोव्यात मेणाचे हात, पाय आणि मेणबत्त्या मांडलेल्या दुकानांपुढे आजी थांबल्या. एकेक मेणबत्ती नाकापासून हातभर दूर धरून त्यांनी अखेर साधी, बिनवासाची निवडली. ती उघड्यावर लावून, वाऱ्याची दिशा पाहून त्या बाजूला उभ्या राहिल्या. इतकी सावध भक्ती मी क्वचितच पाहिली आहे.

परतल्यावर डबे व मेणबत्त्या काढून टाकल्या आणि खिडक्या उघडल्या. कुबटपणा गळक्या कौलांमुळे होता. ती प्रथम दुरुस्त करून घ्यावयास हवी होती. पुढच्या रविवारी आजी तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. मिस्सेपूर्वी वेदीवर निशिगंध ठेवू का, असे मदतनीसाने मला विचारले. मी त्याला आजींकडे पाठवले.

"ठेव," त्या म्हणाल्या, "पण त्या टोकाला."